चौथ्या पटाची जागा

बुद्धिबळ मला सासऱ्यांनी शिकवलं, आणि तेही माझ्या हौसेखातर नाही. केळीच्या बागेत पाय घसरून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. आठ महिने खाटेवर होते. त्यांच्याशी खेळणारे दोघे-तिघे पहिले पंधरा दिवस आले, मग कापसाची वेचणी लागली आणि कुणी फिरकेना. म्हणून मोठी सून, म्हणजे मी, त्यांच्यासमोर बसवली गेले. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण मोहरी ओळखायला तेवढी पुष्कळ झाली.

अडचण वेगळीच होती. जामनेरकडच्या आमच्या गावात तेव्हा सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नसे. मग शह द्यायचा कसा? मी हातातली बांगडी पटाच्या कडेवर वाजवायची. एकदा वाजली की शह, दोनदा वाजली की मात. दोनदा वाजली की सासरे पट उधळून द्यायचे आणि सासूबाईंना ओरडायचे, "हिले कोन्हं शिकवलं व हे?"

शिकवलं त्यांनीच होतं. पुढे हाड जुळलं, ते पुन्हा पारावर जायला लागले आणि माझा खेळ बंद झाला. पन्नास वर्षं मी पटाला हात लावला नाही. त्यासाठी झुरले वगैरे नाही. कामं होती.

आता मी जळगावात मुलाकडे असते. नवरा गेला, सकाळी दहानंतर मला काम उरत नाही. भजनी मंडळात जाऊन पाहिलं. तिथे बायका गातात कमी आणि सुनांबद्दल बोलतात जास्त. माझी सून बरी आहे, त्यामुळे मला बोलायला विषयच नव्हता. एका शनिवारी ती वाचनालयात पुस्तक बदलायला गेली, मी सोबत होते. वरच्या हॉलमधून लाकूड आपटल्याचे आवाज येत होते. जिना चढून पाहिलं तर वीस-बावीस पुरुष आठ-दहा पटांभोवती माना घालून बसलेले. क्लब चालवणारे गणिताचे निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी विचारलं, "कुणाला शोधताय, आजी?"

"कुणाला नाही. रिकामा कोण आहे?"

रिकामे होते एक निवृत्त तलाठी. त्यांना सगळे नाना म्हणतात. ते मला पाहून हसले आणि म्हणाले, "या अक्का. पांढरी तुम्ही घ्या." मी खेळायला बसले आणि पहिला शह दिला तेव्हा सवयीने बांगडी टेबलावर वाजवली. नानांनी मागे वळून चहावाल्याला हाक मारली. त्यांना वाटलं, मला चहा हवाय.

त्या दिवशी मी जी माती खाल्ली ती नानांनी पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली, म्हणून इथे मीच सांगून टाकते. डावाच्या शेवटी माझ्याकडे राजा आणि हत्ती होते, नानांकडे राजा आणि एकच प्यादं. ते प्यादं मला सहज मारता येत होतं. मी मारलं नाही. आमच्या गावच्या खेळात समोरच्याचं शेवटचं मोहरं मारून राजा एकटा पाडला की डाव बरोबरीत सुटतो, त्याला बुर्जी म्हणतात. म्हणून शेवटचं एक मोहरं जिवंत ठेवून मात करायची असते. प्यादं पुढे सरकत होतं, तरी मी निवांत होते. ते उंटाच्या घरात पोचणार होतं, आणि गावच्या नियमाने ज्याच्या घरात पोचेल तेच ते होतं. म्हणजे फार तर उंट. उंटाला मी काय भिणार?

नानांनी प्यादं शेवटच्या घरात ठेवलं, उचललं आणि त्या जागी वजीर मांडला.

"अहो, हे कुठून आलं?" मी म्हटलं.

"वजीर झाला, अक्का."

"उंटाच्या घरात वजीर?"

आजूबाजूचे चार पट थांबले. सरांनी मला नियम समजावले. इथे प्यादं कुठेही पोचलं तरी वजीर होतं. बुर्जी नावाचा प्रकार नाही. आणि आमच्याकडे राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, तीही इथे चालत नाही. मी ऐकून घेतलं आणि हरले. "अक्कांनी माझ्या प्याद्यावर दया केली," असं नाना सांगत फिरले. दया कसली? मात करायची होती मला.

तिथून पुढे मी दर शनिवार-रविवार गेले. सहा महिने बहुतेक हरतच होते. काहीजण मला मुद्दाम जिंकू द्यायचे, ते हरण्यापेक्षा वाईट. समोरचा वजीर फुकट देऊन "वा आजी, काय चाल!" म्हणाला की मी मोहरी परत डब्यात भरायची.

सरांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. चाल सुचली की हात मांडीखाली ठेवायचा आणि आणखी एक चाल शोधायची. आणि प्रत्येक डाव लिहून घरी परत खेळायचा. पहिली गोष्ट सोपी होती. हात मांडीखाली ठेवला की थंडीत ऊबही मिळते. दुसरी अवघड. घरांची नावं इंग्रजीत लिहायची, ए पासून एच पर्यंत. मोहऱ्यांसाठी सरांनी मला घो, ह, उं चालवून घेतलं, पण ती आठ अक्षरं शिकावीच लागली. मी ती भाकरीच्या पिठावर, परातीत, बोटाने काढायची. सून म्हणायची, "आई, बी आणि डी एकच काढताय तुम्ही."

"दोघांनाही पोट आहे."

"पण एकाचं इकडे, एकाचं तिकडे."

एकदा हरलेला डाव घरी मांडत होते तर माझा घोडा अशा घरात जाऊन बसला जिथे कुठल्याही घोड्याला जाता येत नाही. तासभर डोकं खाजवलं. पोट उलटं पडलं होतं. पण असे डाव परत मांडताना माझ्या खोडी मला दिसायला लागल्या. मी वजीर फार लवकर बाहेर काढायची. शह देता येतोय म्हणून द्यायची, उपयोग असो नसो. बांगडी वाजवण्याची हौस, दुसरं काय. ती मोडायला मी क्लबात जाताना बांगड्या काढून पिशवीत टाकायला लागले. मुलाने फोनवर खेळ टाकून दिला होता. फोन चांगला खेळतो, पण हरला तर तोंड पाडत नाही. मग काय मजा?

दरवर्षी आमच्या क्लबातले चौघे धुळ्याच्या क्लबाशी खेळायला जातात. चार पट मांडतात, समोरासमोर चार-चार बसतात. आमचे तीन पट ठरलेले आहेत. चौथ्या पटावर सहा वर्षं नाना जात होते. मला ती जागा हवी होती. धुळं मी शंभर वेळा पाहिलंय, माझी नणंद तिथे राहते, त्यात अप्रूप काही नाही. पण ज्याला धुळ्याला नेतात त्याच्याशी क्लबातलं कुणी फुकट वजीर देऊन खेळत नाही.

सरांना सांगितलं तर ते नानांकडे पाहू लागले. नाना म्हणाले, "खेळू की दोन डाव. जो जिंकेल तो जाईल. अक्का, मी या वेळी प्यादी जरा जास्त ठेवतो, तुम्हाला दया करायला."

पहिला डाव मी हरले, चांगला खेळून हरले. दुसरा जिंकले. नानांना बोलता बोलता खेळायची सवय. मी विचारलं, तुमच्या तालुक्यात सगळ्यात भांडखोर गाव कोणतं होतं? ते सांगत बसले आणि त्यांचा उंट गेला. हा अन्याय आहे असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. एक-एक अशी बरोबरी झाली.

सर म्हणाले, "बरोबरी झालीय, तर वयाने मोठा असेल तो जाईल, असं ठरवू या."

मी लगेच हो म्हटलं, मला खात्री होती. दोघांनी आधार कार्डं काढली. सरांनी चष्मा लावून आधी माझं पाहिलं, मग नानांचं, मग पुन्हा माझं. साल तेच, आणि दोघांचाही जन्म एक जूनचा.

त्यात नवल काही नाही. आमच्या वेळी शाळेत नाव घालताना मास्तर सगळ्यांनाच एक जून लावून टाकायचे. आमच्या वर्गात तर एकच वाढदिवस होता. नाना म्हणाले, "माझा खरा जन्म थंडीतला. आई सांगायची, गव्हाला पाणी देऊन आली आणि मी झालो."

"माझा पोळ्याचा. म्हणजे तुमच्या आधीचा."

"कोणत्या सालचा पोळा, ते सिद्ध करा."

"तुम्ही गहू सिद्ध करा."

सरांनी कार्डं परत केली आणि म्हणाले, "तिसरा डाव खेळा, बाबा."

तिसऱ्या डावात नाना एक शब्द बोलले नाहीत. मीही हात मांडीखालून काढला नाही. अडीच तासांनी माझी दोन प्यादी शेजारी शेजारी चालत निघाली, आणि त्यांचा एकटा घोडा दोघांना अडवू शकला नाही. नानांनी राजा आडवा केला, टोपी घातली आणि जिना उतरून गेले. शुभेच्छा वगैरे दिल्या नाहीत. मीही दिल्या नसत्या.

रविवारी सकाळी आम्ही बस स्टँडवर जमलो तर नाना हजर, खांद्याला पिशवी. "मी पाहायला येतोय," म्हणाले. एरंडोलपर्यंत ते मला धुळ्याच्या चौथ्या पटावरच्या माणसाच्या खोडी सांगत होते. मी खिडकीतून बाहेर पाहत होते, पण ऐकत होते.

तो माणूस कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनी दुरुस्त करणारा, चाळिशीचा. शाळेच्या वर्गात पट मांडले होते. मला पाहून त्याने खुर्ची सरकवली. "बसा अक्का. पाय दुखतस का? उशी आनू?"

"पायांनी खेळत नाही मी."

तो हसला आणि नीट खेळायला लागला. खरंच नीट, एकही चाल फुकट दिली नाही. दोन तास झाले. आमच्या पहिल्या पटावर जिंकलो, दुसऱ्यावर हरलो, तिसरा बरोबरीत सुटला. आता माझ्यावर होतं. सगळे माझ्या पटाभोवती गोळा झाले, नाना बरोबर माझ्या मागे.

मला घोडा पुढे टाकायचा होता. मांडीखालून हात काढला, घोड्यावर नेला, बोट लावणार तेवढ्यात नाना खोकले. साधा खोकला नव्हता तो, सरळ ऐकू येईल असा. मी हात तसाच धरला. मग दिसलं. घोडा हलला की समोरच्याच्या उंटाची वाट मोकळी आणि माझा हत्ती जाणार.

समोरचा चिडला. "ओ भाऊ, खोकला व्हयना व्हई ते बाहेर जा ना! हाई काय खेळ शे का?"

"मला दमा आहे," नाना म्हणाले. त्यांना दमा-बिमा काही नाही.

मी मागे न वळता म्हटलं, "नाना, बाहेर जा."

"अक्का, पण पाहा तरी..."

"बाहेर."

ते गेले. माझा हात अजून घोड्यावरच होता, बोट टेकलं नव्हतं. टेकलं असतं तर नियमाने घोडाच चालवावा लागला असता. पण अजून मोकळी होते, दुसरं काहीही खेळता येत होतं. मी थोडा वेळ विचार केला. मग घोडा उचलला आणि मला आधी टाकायचा होता तिथेच टाकला. समोरचा माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. मग हळूच उंट सरकवून त्याने माझा हत्ती घेतला. त्यानंतर मी आणखी तीस चाली लढले. त्याला घाम फोडला, पण हरले. अडीच-दीडने धुळं जिंकलं.

व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. ते सहसा रागवत नाहीत, त्या दिवशी रागावले होते. "अक्का, हत्ती जातोय हे तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग?"

"माझं मला दिसलं नव्हतं. नानांना दिसलं होतं."



परतीच्या बसमध्ये नाना माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले.  पारोळं गेल्यावर पिशवीतून लोहचुंबकाचा छोटा पट काढला, मांडीवर ठेवला आणि हत्ती गेल्यानंतरची मांडणी जशीच्या तशी लावली. एकही मोहरं चुकलं नाही.

"हत्ती जाऊ द्या, त्याचं काही म्हणत नाही मी," ते म्हणाले. "पण त्यानंतर हे कोपऱ्यातलं प्यादं ढकललं असतं तर डाव बरोबरीत सुटत होता."

"नव्हता सुटत. त्याचा राजा पोचला असता."

"मोजा की."

मी मोजलं. पुन्हा मोजलं. बस खड्ड्यातून गेली, पटावरची मोहरी जागची हलली नाहीत. त्याचा राजा एका घराने कमी पडत होता.

"अंधारात मला नीट दिसत नाही," मी म्हटलं आणि पट त्यांच्याकडे सरकवला. चार वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. नाना नुसतेच हसत राहिले. हसू दे. चौथ्या पटाची जागा पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याचकडून जिंकायची आहे. आतापासून त्यांचं बरोबर होतं म्हणायला मी काही वेडी नाही.