मामाची निळी नळी

आमच्या मामाला राग क्वचित येतो, मत्सर मात्र अगदी वेळेवर येतो. तो कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पाणी, कर्बोदकं, प्रथिनं, विकरं असा जीवनाच्या रसायनांचा श्रीगणेशा होतो तो पहिल्या वर्षाचा वर्ग कायम त्याच्याकडेच असायचा. ग्लुकोजचा षटकोन तो खडू न उचलता एका दमात काढतो. रंगीत खडू चष्म्याच्या घरात ठेवतो, त्यामुळे खडू शाबूत आणि चष्म्यावर ओरखडे. मी त्याचा भाचा आणि नशिबानं त्याचाच विद्यार्थी. घरी 'अरे मामा', वर्गात 'सर'.

मग नवीन मॅडम आल्या. मामाचा घसा बसला होता तेव्हा त्यांनी आमचे काही तास घेतले, आणि वर्गात मागची बाकंसुद्धा भरायला लागली. प्राचार्यांनी जाहीर करून टाकलं, "दोघांचाही एकेक तास बघतो. पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाचा वर्ग कुणाकडे, ते मग ठरवू."

मॅडमचा तास झाला त्या दिवशी मी मामाकडेच जेवायला होतो.

"काय शिकवलं आज तिनं?" मामानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ग्लुकोजपासून स्टार्च."

"आकृती कशी काढली?"

"काढलीच नाही. आम्हालाच ग्लुकोज केलं. एकानं दुसऱ्याचा हात धरला की पाण्याचा एक रेणू बाहेर, म्हणजे एका मुलीनं दाराबाहेर जायचं. वर्गभर रांग लागली की झाला स्टार्च!"

मामाचा घास हातातच राहिला. "आणि मजा आली?"

"हो."

"हो म्हणायची काय गरज होती?"

"अहो, तुम्ही जेवताय की जळताय?" मामी म्हणाली.

मामाच्या तासाला प्रयोग ठरला होता लाळेचा. लाळेतलं विकर, म्हणजे एन्झाइम, स्टार्चची साखळी तोडतं, त्याची साखर होते, मग आयोडीन टाकलं तरी स्टार्चचा निळा रंग येत नाही. एरवी मामा स्टार्चची खळ सकाळीच शिजवून गार करत ठेवतो. या वेळी मात्र हट्टाला पेटला. "ती सगळं मुलांसमोर करते ना? मग मीही समोरच करणार. अगदी शिजवण्यापासून!"

प्राचार्य मागच्या बाकावर बसले, शेजारी मॅडम. मामानं स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळीत खळ रटरटवली. मग पाठ फिरवून कपात लाळ घेतली.

"ई!" पुढची एक मुलगी म्हणाली.

"ई काय? तुझ्या तोंडात काय अत्तर आहे?"

वर्ग खळाळून हसला. मामानं मॅडमकडे एक नजर टाकली आणि त्याच रंगात लाळ वाफाळत्या नळीत ओतली. थोडं थांबून चिनीमातीच्या छोट्या पांढऱ्या फरशीवर नळीतला थेंब घेतला, त्यावर आयोडीन टाकलं. निळंकाळं.

"वेळ लागतो त्याला," मामा म्हणाला.

पुन्हा थेंब. पुन्हा निळंकाळं. तिसऱ्यांदा तर दौतच सांडल्यासारखं. मामानं नळीला बोट लावलं आणि चटकन काढून घेतलं. तिथं त्याला कळलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा.

तेवढ्यात मॅडम उठल्या. "सर, गरम खळीत मुद्दामच टाकलीत ना? विकर प्रथिनाचं असतं, उष्णतेनं त्याची घडी मोडते आणि ते निकामी होतं, हे दाखवायला?"

आयती सुटका होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी वर्ग वाचला असता, वर शाबासकी मिळाली असती. पण तिच्या मेहेरबानीवर तरंगण्यापेक्षा मामाला बुडणं परवडलं.

"नाही," तो म्हणाला. "गार करायची राहिली. चुकलं माझं."

प्राचार्यांनी वर्ग मॅडमना दिला आणि प्रात्यक्षिकं मामाला. मामीनं त्या दिवशी न मागता शिरा केला, यावरून काय ते ओळखा.

यंदा मी दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाला आता दोन नळ्यांचा प्रयोग असतो. लाळ गार खळीतही टाकायची आणि गरम खळीतही, मग फरशीवर दोन्ही थेंब शेजारी-शेजारी. मुलं त्याला 'मॅडमचा प्रयोग' म्हणतात. खळ शिजवतो मामा, लाळही त्याचीच.

"चूक माझी आणि नाव तिचं!" परवा चहाचा कप आपटत मामा म्हणाला.

"अरे मामा, मॅडम दर वेळी सांगतात की हा सरांचा प्रयोग आहे. मुलंच विसरतात."

"असं सांगते?"

"वर हेही सांगतात, की चूक भर वर्गात कबूल करणारे शिक्षक त्यांनी दुसरे पाहिले नाहीत."

मामानं आपटलेला कप हळूच उचलून बशीत नीट ठेवला. चेहरा जरा सैल पडतोय असं मला वाटायला लागलं होतं.

"बघितलंस?" तो मामीला म्हणाला. "यातही मोठेपणा तिचाच!"