हमिंग परत बसवून द्या

आमचा अ‍ॅम्प्लिफायर मी तरुणपणी एका मंडपवाल्याकडून उचलून आणला, तेव्हा रिक्षाचं पुढचं चाक हवेत गेलं होतं. सोलापूरच्या सात रस्ता चौकापासून घरापर्यंत मागच्या दोनच चाकांवर आलो. लोक हसतात. हसू द्या. रिक्षावाला साक्षीला होता. तो आता हयात नाही, त्याला मी काय करू?

पत्र्याची पेटी, पोटात दोन स्पीकर, पुढं दोन बटणं, मागं कंगव्यासारखे काळे दाते आणि त्या दात्यांवर लोखंडी टोप्या घालून बसलेले जुने ट्रान्झिस्टर. हल्लीच्या मुठीएवढ्या ब्लूटूथ डब्यातला आवाज कानावर येऊन आपटतो. आमच्या पेटीतला आवाज आधी जमिनीतून चालत यायचा, पायरी चढायचा, चपला काढायचा आणि मग कानात बसायचा. ढोलकीची थाप पडली की पलीकडच्या घरात चटणीसाठी भाजायला टाकलेले शेंगदाणे कढईत आपोआप उलटे व्हायचे. शेजारीण उलथनं वापरायची विसरली होती. खोटं वाटलं तर या, शेंगदाणे घेऊन या.

पण या पेटीचा खरा धनी मी नव्हे, माझे वडील. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. वळसंगची कोरडवाहू जमीन भावाच्या हवाली करून ते शहरात आले आणि उभं आयुष्य यंत्रमागावर चादरी विणत राहिले. मागानं त्यांना दोन गोष्टी दिल्या. घर दिलं आणि कान नेले. गडगडाट तेवढा ऐकू येतो, बोलणं अर्धंमुर्धं, बारीक आवाज मुळीच नाही. कानातलं यंत्र आणून दिलं तर त्यांनी ते पंधरा दिवस सुपारीच्या डबीत जपून ठेवलं.

असा माणूस रोज सकाळी पेटीचं बटण दाबून शेजारी खुर्ची टाकून बसायचा. गाणं लागो न लागो, चेहरा देवळातून आल्यासारखा. आणि एक चमत्कार असा की, लाइट गेली की ती आधी आण्णांना कळायची. आमच्या पंख्याची पाती अजून फिरतायत, आणि बाहेर ओट्याकडं तोंड करून बसलेले आण्णा मान वर करून म्हणायचे, "गेली बघ लाइट." मी गल्लीभर सांगत सुटलो होतो की विजेचं खातं आमच्या आण्णांना विचारूनच लाइट घालवतं.

आता चादरीकडं येतो. सोलापुरात कुठल्याही वस्तूवर माया बसली की तिच्यावर चादर बसते. पेटीवर आण्णांनी शेवटच्या पाळीत विणलेली लाल चादर असायची, मधोमध मोर. लावताना चादर काढायची, बंद केल्यावर घालायची, हा नियम आण्णांचाच. मे महिन्यात बायकोचा मामेभाऊ आला. मी त्याला पेटीबद्दल इतकं सांगून ठेवलं होतं की आता ऐकवणं भाग होतं. चादर काढली तर मोर दिसणार नाही, शोभा जाईल, म्हणून ती तशीच ठेवली आणि आवाज पूर्ण सोडला. बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत चादर. चौथ्या गाण्याला मोराच्या पिसाऱ्यातून धूर निघाला.

"अहो, मोर पेटला!" बायको ओरडली.

मोर वाचला. पेटीचा डावा आवाज मेला.

सात रस्त्याच्या मागच्या बोळात एक म्हातारे मिस्त्री बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या पुढं पेटी ठेवली आणि म्हणालो, "चाचा, व्होल्टेज वाढलं होतं."

चाचांनी झाकण खोललं, चिमट्यानं दात्यांमधून एक तूस ओढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "व्होल्टेज लाल रंग का था क्या जी? उसकू मोर के पंख भी थे? कायकू झूट बोलता? यंत्राला पांघरूण घालतं का कुणी? पाळण्यात घालून झोके दे आता."

आठ दिवसांनी पेटी परत मिळाली. जळालेल्या ट्रान्झिस्टरची जोडी त्यांनी कुठल्याशा भंगारातून शोधून आणली होती, कंडेन्सर सगळे नवे टाकले होते. "हमिंग होती ना, गाणं नसताना घूं घूं करायची? जड से निकाल दिया. आता मुंगी चालली तर ऐकू येईल." मी तर रस्त्यानंच लोकांना सांगत आलो.

घरी गाणं लावलं. आहाहा! तोच आवाज, चपला काढून येणारा. आण्णा खुर्चीत बसले. उठले. बटण दाबून पाहिलं. पिन काढून परत खोचली. पेटीवर पंजा ठेवला आणि म्हणाले, "बंद हाय."

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "आण्णा, गाणं चालू हाय की!"

"गाणं चालू हाय. यंत्र बंद हाय."

त्या दिवसापासून घरात कुणाचं बूड टेकेना. आण्णा खुर्चीत बसायचे, उठायचे, मेन स्विच बघून यायचे, चहा अर्धा टाकून गल्लीच्या टोकापर्यंत जायचे. त्यांच्यामागं मी, माझ्यामागं बायको. त्या महिन्यात आम्ही तिघं चाललो ते अंतर मोजलं असतं तर अक्कलकोट ओलांडून कर्नाटकात गेलो असतो. ब्लूटूथ डबा आणून दिला तर आण्णांनी तो साबण समजून मोरीत ठेवला.

मग एक दिवस भर दुपारी ते गायब झाले. सापडले त्यांच्या जुन्या कारखान्याच्या दारात. कारखाना कधीचाच बंद, फाटकाला कुलूप, आणि हा माणूस पत्र्याला कान लावून उन्हात उभा. पाय भाजलेले, ओठ सुकलेले. तिथल्या राखणदारानं पाणी पाजलं म्हणून निभावलं. माझी थापेबाजी त्या फाटकाशी पहिल्यांदा गप्प झाली. हा माणूस उद्या परत येणार, आणि उद्या राखणदार असेलच असं नाही.

कोडं सोडवलं बायकोनं. "अहो, एक बघितलं का? हल्ली लाइट गेलेली त्यांना कळत नाही."

मी आण्णांसमोर बसलो, तोंडानं "घूंऽऽ" केलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी जन्मात पहिल्यांदा शहाणपणाचं बोललो.

"मुकादम मेन स्विच टाकायचा," ते म्हणाले. "माग लगीच न्हाय चालू व्हायचे. आदी मोटरी घूं करायच्या. तेवढं आईकायचं. मग मोटरीवरनं मागावर पट्टा टाकला की खडखडाट. त्यात कसलं आईकायचं?"

म्हणजे इतकी वर्षं मी गावभर आवाजाची गोडी सांगत फिरलो, आणि आण्णा गाणं संपायची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी पेटी आणि आण्णा दोन्ही रिक्षात घालून चाचांकडं गेलो. "चाचा, हमिंग परत बसवून द्या."

चाचांनी चष्मा काढला. "उमर गयी मेरी हमिंग निकालने में. लोक हात जोडतात काढा म्हणून. आणि तू म्हणतोस घाला? जुने कंडेन्सर नक्को, फिर जलेगा." मी फाटकाची हकिकत सांगितली, एकदाच, जशी घडली तशी. चाचा आण्णांच्या पायांकडं बघत राहिले. मग झाकण खोललं, आवाज आत येतो त्या वायरीवरची जाळी सोलली आणि ती उघडी वायर ट्रान्सफॉर्मरच्या जवळ नेली.

घूं.

आण्णांनी पेटीवर पंजा ठेवला. "बारीक हाय."

चाचांनी वायर केसभर सरकवली. "आता?"

"लई झालं. ही एका मोटरीची न्हाय, धाची हाय."

तंबोरा जुळवावा तसा तो खेळ तासभर चालला. चाचांच्या कपाळावर घाम, बोळात बघ्यांची रांग. रांग थेट रेल्वे स्टेशनापर्यंत गेली होती, असं मी पुढं सांगणारच आहे. शेवटी आण्णांचा पंजा पत्र्यावर सपाट पडला.

"हां. टाक पट्टा."

चाचांनी वायर तिथंच लाखेनं चिकटवली आणि आण्णांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "बाबा, चादर नक्को! चालू असताना चादर नक्को!"

"व्हय, व्हय," आण्णा हसून म्हणाले, "घालतो की."

आता घरात घूं आहे आणि आण्णा खुर्चीत आहेत. फाटकाकडं परत गेले नाहीत. पण जुना नियम ते साफ विसरलेत. चालू पेटीला ते मोर पांघरवतात आणि मी काढतो. दिवसातून चौदा वेळा उठतो, मोजलंय. हे लिहायला बसल्यापासून सहा वेळा उठलो. आणि हे बघा, आत्ताच ते मान वर करून म्हणतायत, "गेली बघ लाइट."

पंखा अजून फिरतोय.