कुऱ्हाडताई

हातपाय तोडायची धमकी दिल्याशिवाय कुऱ्हाडताईने कधी कुणाला मदत केली नाही. तळोद्यात माझ्या माडीवर ती भाड्याने राहायची, कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायची. हे नाव तिला ग्रुपवरच्या पोरांनी दिलेलं. गावोगावचे प्रोग्राम लिहिणारे त्या ग्रुपवर एकमेकांच्या अडचणी सोडवत आणि एकमेकांची सालटी काढत.

मी डाळ निवडायला वर बसले की ती वाचून दाखवायची. कुणी लिही, "ताई, प्रोग्राम बंद पडला, रडू येतंय." ही लिही, "आधी सगळं दाखव, मंग तुन्ही टांग तोडसू." दुसरा म्हणे, "डावी तोडा, उजवी मी मागच्या आठवड्यात तोडली." हसता हसता चूक सापडायची. "चौदावी ओळ बघ, गाढवा," असं लिहून ती चहा ठेवायला उठे.

अडलेल्याला नाव-गाव विचारायचं नाही, हा तिथला नियम. "बुडणाऱ्याची जात विचारतात का, मावशी?" ती म्हणायची. मला तो नियम पटला नाही. नवऱ्याने चटके दिले म्हणून ती पळून आली होती आणि तोही हेच काम करायचा.

एकदा ग्रुपवर नवा माणूस आला. तीन दिवस तिने त्याला शिकवलं, मनसोक्त झोडपलं. त्याने विचारलं, "ताईंची भाषा भारी. कुठल्या?" एकाने गमतीत लिहिलं, "तळोद्याची वाघीण आहे, जपून."

चौथ्या दिवशी तो दारात उभा. तिचा नवराच. "मन्ही बायको शे," म्हणत माडीवर चढला आणि लॅपटॉप उचलून तिच्या हातावर घातला. हाड मोडल्याचं मला खाली ऐकू आलं. मी खलबत्त्यातला बत्ता घेऊन वर गेले आणि त्याच्या डोक्यात हाणला. रक्त जिन्यापर्यंत आलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पोलिसांनी नेला, पण जामिनावर सुटला. ज्याने गाव सांगितलं होतं त्याने लिहिलं, "ताई, माझे दोन्ही हात तोडा." तिने डाव्या हाताने उत्तर दिलं, "तुन्हा हात ऱ्हाऊ दे, मन्हं काम कर." प्लास्टर निघेपर्यंत तिचं काम पोरांनी वाटून घेतलं. दूरच्या शहरात खोलीही त्यांनीच शोधली.

निघताना ती मला गाव सांगू लागली. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "मला सांगू नको. मार पडला तर बोलून जाईन."

महिन्याने तो आला. "कोठे शे ती?"

"माहीत नाही."

त्याने माझे पुढचे दोन दात पाडले आणि पुन्हा विचारलं. मी रक्त थुंकून पुन्हा खरं तेच सांगितलं.