बाहेर निघालेली लक्ष्मी

तो म्हातारा मला कधीच आवडला नाही, आणि तो गेल्याचं कळल्यावरही माझं मत बदललं नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी त्याच्या हयातीतच त्याच्या तोंडावर सगळं बोलून घेतलं होतं, त्यामुळे मला ती अडचण नाही.

ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात आमच्या ओळखीतले सगळे कॉम्प्युटर चिप्सच्या कंपन्यांत होते, माझा नवराही. मी मात्र एका लहानशा खाजगी टांकसाळीत लागले. तिथे स्मृतिपदकं आणि कुठल्या कुठल्या बेटांच्या देशांची नाणी पाडत. तिथला मुख्य चित्रकार हा म्हातारा. मूळचा लॅटव्हियाचा. कुणी चुकून त्याला रशियन म्हटलं, तर त्या माणसाशी तो बोलणंच सोडायचा. पोरवयात लढाईतून पळाला, निर्वासितांच्या छावणीत आपल्या भाषेतल्या पुस्तकांची मुखपृष्ठं करायला शिकला, इकडे येऊन पोस्टर्स केली, पोस्टाची तिकिटं केली, मग नाण्यांकडे वळला. कधी न पाहिलेल्या देशांसाठी त्याने मासे कोरले, पोपट कोरले, राजे कोरले. त्याचा स्वतःचा देश रशियाने गिळलेला, तेव्हा नकाशावर नव्हता, म्हणून त्याचं नाणं त्याला कुणी मागितलं नाही. हा सगळा राग तो आमच्यावर काढायचा.

माझं काम कडेच्या अक्षरांचं. मुंबईत कॉलेजात माझ्या अक्षरांना बक्षिसं मिळाली होती. म्हातारा चष्मा कपाळावर सरकवून बघायचा आणि म्हणायचा, "केकवर छान दिसतील."

मग आमच्या मराठी मंडळाने दिवाळीसाठी चांदीचं लक्ष्मीचं नाणं करायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष नागपूरचे डॉक्टर होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. काम माझ्यामुळे आलं, म्हणून टांकसाळीचा मालक म्हणाला, "हे तू कर. नीट झालं तर पुढची डिझाइन्सही तुझी." नाही झालं, तर आयुष्यभर दुसऱ्यांच्या माशांभोवती अक्षरं काढत बसायचं, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

मी कमळात बसलेली लक्ष्मी काढली. चार हात, दोन्हीकडे हत्ती. म्हाताऱ्याने कागदावर बोट आपटलं. "एवढ्याशा नाण्यावर हिचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा होईल. डोकं घे, मान घे, काप. नाणं असं करतात."

"देवीची मान कापत नाहीत," मी म्हटलं.

"मग आत्ता कशाची पूजा करता?"

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंनी दिलेला जुना चांदीचा रुपया नेऊन दाखवला. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला तोच मांडत. त्याने भिंग लावलं आणि मोठ्याने हसला. "ही तर इंग्लंडची राणी. तुमच्यावर राज्य केलेल्या बाईची कापलेली मान पूजेला चालते?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "आमचा देश नकाशावर तरी आहे." त्याने भिंग उचललं आणि तो आपल्या टेबलाकडे निघून गेला. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

पण घरी जाऊन विचार केला. चेहरा नको, मानही नको. मग पावलं. उंबऱ्यातून आत येणारी लक्ष्मीची पावलं, रांगोळीत काढतो तशी. दोनच, ठसठशीत, बोटं खाली, नाणं समोर घेऊन बसलेल्या माणसाकडे येणारी. भोवती 'शुभ दीपावली' आणि मंडळाचं नाव. काका खूश झाले. म्हणाले, "फर्स्ट क्लास. एकदम डिफरंट आहे."

म्हाताऱ्यालाही खोड काढता येईना, म्हणून तो अक्षरांवर घसरला. "वाचणार कोण हे?"

"आमची माणसं."

"आज वाचतील. तुझी मुलगी?"

"तिला मी शिकवीन."

"मीही असंच म्हणालो होतो. माझा मुलगा माझी पुस्तकं नुसती चित्रं म्हणून बघतो."

मी लक्ष दिलं नाही. पावलांची प्लास्टरची चकती वेगळी होती आणि अक्षरांचं कडं वेगळं. दोन्ही जोडून साचा कोरणाऱ्या मशीनवर चढवायचं काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. त्या शुक्रवारी मी मंडळासाठी चकल्या तळायला रजा घेतली होती. नाणी पाडली गेली, डब्यांत बंद झाली आणि थेट काकांकडे पोचली.

कार्यक्रम शाळेच्या कॅफेटेरियात होता. फायर अलार्मच्या भीतीने पणत्या बॅटरीवरच्या. एका काकूंनी डबा उघडून नाणं पाटावर ठेवलं, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर बाहेर निघाली."

बोटं वर होती. अक्षरं सरळ, आणि लक्ष्मी आमच्याकडे पाठ करून चाललेली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी काकूंनीच मार्ग काढला. "उलटं ठेवा. अक्षरं उलटी झाली तरी चालतील, लक्ष्मी जायला नको." सगळ्यांनी भराभर आपापली नाणी फिरवली, आणि माझी सगळी अक्षरं डोक्यावर उभी राहिली. काका मला म्हणाले, "इट्स ओके, ऑर्डर कॅन्सल थोडीच करणार आहोत," आणि नंतर मालकाला फोन केलाच.

सोमवारी मी म्हाताऱ्यासमोर नाणं आपटलं. "पावलं का फिरवलीत?"

"उलटी होती. सरळ केली."

"ती घरात येत होती. आता निघून चालली आहे."

त्याने नाणं हातात घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "आत येणारी पावलं मला माहीत नाहीत," तो म्हणाला. "आमच्या दारातून सगळी बाहेरच गेली."

"तुमच्या दारातून गेली असतील. माझ्या नाण्यावर कशाला?"

तो सॉरी म्हणाला नाही. चूक होती की माझ्या बोलण्याचा सूड, मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक सूडच. पुढचं डिझाइन त्याला गेलं, एक मासा. त्याच्याभोवतीची अक्षरं मी काढली. दोन वर्षांनी मी नोकरी सोडली, त्यानंतर वर्षभरात तो गेला.

नाणं अजून आमच्याकडे निघतं. मुलीला मी रविवारच्या मराठी वर्गाला घातलं होतं, सॉकर सुरू झालं तसा तो सुटला. त्याच सुमाराच्या एका दिवाळीत पाट तिने मांडला. पावलं बरोबर आमच्याकडे वळवून नाणं ठेवलं, ते मी शिकवलं होतं. मी सहज म्हटलं, "अक्षरं उलटी दिसतात गं. डोळ्याला खुपतं."

ती वाकली, नीट बघितलं आणि म्हणाली, "दे लुक फाइन टू मी, आई."

म्हाताऱ्याला हे ऐकायला मिळालं नाही, तेवढंच बरं.