ओतलेला ड्रम

२०१७ साल, मी तवा चौसष्ट वर्षांचा. धुतलेल्या फरशीचा वास आला की तेच आठवतं. जालन्यात सळईच्या कारखान्यात कामाला आलेलं बिहारी जोडपं, तान्ह्या लेकरासकट, मीच शेजारच्या खोलीत भाड्यानं ठेवलं. पण नळाला बारा दिवसांनी पाणी येतं, हे सांगायचं राह्यलं. बाईनं भरलेला ड्रम शिळा म्हणून ओतून फरशी धुतली. "कल ताजा भर लेंगे, चाचा." म्हणलं, "नळाला आजून आठ दिवस हायेत, बाई." नवरा बोचकं बांधाया लागला, "कल गाँव चले जाते हैं." माझ्या चुकीनं चालले. माझाबी ड्रम तळाला गेल्ता. गल्लीत टाकी एकट्या धाकट्या भावाची, अन् त्याच्याशी मी नऊ वर्षं बोललो नव्हतो. घरात नुस्त्या येरझारा घालून राह्यलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी घेऊन त्याच्या दारात उभा राह्यलो, म्हणलं, "पाणी दे."