नमुन्यातला चौकीदार

वारा पहाटेपासून पिसाळल्यासारखा सुटला होता. घरच्या लाँड्रीच्या मागच्या अंगणात लॉजच्या चादरी अशा फडफडत होत्या, की आता दोरीच घेऊन उडतील. मसुदेबाई एका हाताने चादर आवरत होत्या, दुसऱ्याने चिमटे काढत होत्या आणि तोंडाने चालूच होतं, "सदर नोटीस विहित मुदतीत बजावली न गेल्यामुळे..." चिमटा दातात धरला की वाक्य अडकायचं, सुटला की पुढे पळायचं.

"अगं, चादरीला नोटीस कसली बजावतेस?" आतून इस्त्री तापवता तापवता नवरा ओरडला. "घडी घाल तिची!"

"तुम्ही गप्प बसा हो. झालं! तुटलं सगळं. आता पुन्हा पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे चादरी की नोटीस?"

एरवी त्या हसल्या असत्या. त्या सकाळी नवऱ्याचं बोलणंही अंगाला टोचत होतं. येत्या रविवारी वकिलीच्या सनदेची परीक्षा होती. ही तिसरी खेप आणि नियमाप्रमाणे शेवटची. दोन्ही वेळा बाकीचे पेपर सुटले होते, घोडं अडलं ते मसुदालेखनाच्या पेपरात. त्यात कागदांचा एक गठ्ठा हातात देतात. पक्षकाराचा जबाब, पत्रं, करार, दोनचार निकाल. त्यावरून टिपण, पत्र, अर्ज, जे मागतील ते लिहायचं. आता सनद मिळाली तर कोर्टात स्वतःच्या पायावर उभं राहायचं, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या सहीखाली खरडायचं.

लाज वेगळीच होती. ज्या बाईला 'मसुदेबाई' हे नावच मसुद्यांवरून पडलेलं, ती मसुद्यातच आपटते! सासूबाई तर सरळ म्हणायच्या, "सुतार स्टुलावरून पडला म्हणायचा."

वकीलबाईंच्या ऑफिसात त्या लागल्या तेव्हा नुसत्या टायपिस्ट होत्या. कायद्याची पदवी त्यांनी नंतर संध्याकाळच्या कॉलेजात पुरी केली. ऑफिसातल्या कामाची रीत ठरलेली होती. नवं प्रकरण आलं की त्याच्यासारखी जुनी फाइल काढायची, माणसं बदलायची, तारखा बदलायच्या, सांगाडा तोच ठेवायचा. पक्षकाराचा चहा संपायच्या आत मसुदा तयार. परीक्षेचा अभ्यासही त्यांनी तसाच केला. मागच्या वर्षांतल्या चांगल्या उमेदवारांची नमुना उत्तरं परीक्षा मंडळ छापतं. ती सगळी त्यांनी तोंडपाठ केली होती. झोपेतून उठवलं तरी गोदामाच्या आगीचं उत्तर घडाघडा म्हणतील.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वकीलबाईंनीच एक जुना प्रश्न त्यांच्यापुढे टाकला. "लिही. मी इथेच बसते. बघू दे, अडतं कुठे ते."

मसुदेबाईंनी खाली मान घालून लिहून काढलं. पेन कुठे थांबलं नाही. वकीलबाईंनी डबा बाजूला सारला, चष्मा चढवला आणि दुसऱ्या पानावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा चौकीदार कोण गं?"

"कुठला चौकीदार?"

"'रात्रपाळीच्या चौकीदाराच्या जबाबावरून असे दिसते.' अगं बाई, प्रश्न गळक्या छपराचा आहे! भाडेकरू आहे, मालक आहे, प्लंबर आहे. हा चौकीदार कुठून आत शिरला?"

मसुदेबाईंनी गठ्ठा उलटसुलट केला. चौकीदार कुठेच नव्हता. तो गोदामाच्या नमुन्यातला होता. मागच्या परीक्षेत आपण नोटिशीला उशीर झाल्याचं पानभर लिहिलं होतं. त्या गठ्ठ्यात नोटीस तरी होती का? आठवेना. आठवेना म्हणजे नव्हतीच बहुतेक.

"दोन्ही वेळा मी हेच केलं असणार, बाई," त्या म्हणाल्या.

"असणारच. इथे खपतं, कारण तुझ्या मसुद्याला मी मागून चाळणी लावते. तिथे मी नसणार."

"मग टाकू का फाडून ते नमुने?"

"नमुन्यांनी काय तुझं घोडं मारलंय? आधी स्वतः लिही, तेव्हा नमुना उघडायचाच नाही. लिहून झालं की शेजारी ठेव. आणि त्यातल्या एकेका वाक्याला दम दे, सांग, तू कुठल्या कागदातून आलंस? वाक्य पाठ करू नकोस, त्याचं घर शोध."

सांगणं सोपं. घरी येऊन कोरा कागद पुढे घेतला तर हातच उठेना. नमुना म्हणजे कठड्याचा आधार, तो सोडला की तोल जायचा. चार ओळी लिहायच्या, खोडायच्या, उठून पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं. नवरा म्हणाला, "किती येरझाऱ्या घालशील? फरशी झिजेल."

गळक्या छपराच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर अगदीच फुसकं झालं. पण नमुना शेजारी ठेवून पेन्सिलीने एकेका वाक्याचं घर शोधायला बसल्या, तेव्हा एका जागी त्या थबकल्या. नमुना लिहिणाऱ्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, आपल्या पक्षकाराने भाडं थकवलंय आणि ते आपल्याला नडणार. मसुदेबाईंनी नेमकं तेच कोपऱ्यात दडवलं होतं. हा असा स्वतःच्याच पायावर धोंडा का मारून घेतोय? त्या मागे मागे जात गठ्ठ्याच्या पहिल्या पानापर्यंत पोचल्या. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, टिपण वरिष्ठ वकिलांसाठी, ऑफिसातल्या ऑफिसात, दोन्ही बाजू दाखवून. न्यायाधीशांपुढे भांडायचं नव्हतंच मुळी. लिहायचं कोणासाठी, हे सांगणारं पान त्यांनी आजवर धडपणे वाचलंच नव्हतं. ऑफिसात ते वाचायची वेळ कधी आली नव्हती. ते वकीलबाई आधीच सांगून मोकळ्या व्हायच्या.

रविवारपर्यंत त्यांनी तेच केलं. लिही, शेजारी ठेव, घर शोध. सगळं जमलं असं नाही. उलट जीव जास्तच टांगणीला लागला, कारण आता आपलं काय काय चुकतं ते दिसायला लागलं होतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये पंखा कुरकुरत होता. गठ्ठा उघडला. ट्रकमधून आणताना मोडलेलं फर्निचर आणि नुकसानभरपाई मागणारा सुतार. नोटिशीचा शब्द दिसला मात्र, हात आपोआप चालू लागला, "सदर नोटीस विहित मुदतीत बजावली न..." त्यांनी पेन उचललं. कुठून आलंस तू? गठ्ठ्यात शोधलं. नोटिशीची पोचपावती होती, मुदतीतली, शिक्क्यासकट. त्यांनी ओळ आडवी खोडली. इतकी जोरात, की शेजारच्या उमेदवाराने वळून बघितलं.

मग पहिलं पान. पत्र लिहायचं होतं त्या सुतारालाच. त्याला समजेल अशा भाषेत, त्याचा दावा कितपत टिकेल ते. असल्या पत्राचा एकही नमुना पाठ नव्हता. मग त्यांनी लिहिलं, 'तुमचं नुकसान झालं आहे यात शंका नाही. पण माल नीट बांधण्याची जबाबदारी करारात तुमच्यावर आहे, आणि तिथे आपली बाजू लंगडी पडते.' पुढे लिहीत गेल्या. शेवटचा मुद्दा अर्ध्यावर असताना घंटा झाली.

"कसा गेला?" बाहेर नवऱ्याने विचारलं.

"ते विचारू नका. शेवटचा मुद्दा राहिला."

निकालापर्यंत त्यांचं कुठे म्हणून लक्ष लागलं नाही. शर्टांच्या गठ्ठ्यांवर भलत्याच चिठ्ठ्या लागल्या, एका मास्तरांची पँट डॉक्टरांकडे गेली आणि डॉक्टरांनी ती घालूनही बघितली म्हणे. निकालाच्या सकाळी नवरा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला. मसुदेबाई ओट्याशी दूध तापवत होत्या.

"उघडतंय. फिरतंय अजून. हां, आलं!"

"वाचा ना! तोंडाला काय कुलूप लागलंय?"

"मसुदालेखन..." त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "उत्तीर्ण! अगं, उत्तीर्ण! काठावर, पण उत्तीर्ण!"

त्यांनी मोबाइल हिसकावून घेतला. आधी नंबर पडताळला, मग नाव, मग पुन्हा नंबर. डोळे भरून आले, पण मन काही बसेना. काठावर म्हणजे तो अर्धा राहिलेला मुद्दाच असणार. माल उतरवताना सही कोणी केली, तो. काय लिहायला हवं होतं तिथे? आणि उद्या खरा सुतार समोर येऊन बसला तर?

"पास का नापास ते सांगा लवकर," बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "दूध जळल्याचा वास सुटलाय घरभर!"

"पास, आई!" नवरा ओरडला.

मसुदेबाईंनी झडप घालून गॅस बंद केला. पातेल्याच्या बुडाशी काळी खरवड धरली होती. उरलंसुरलं दूध त्यांनी दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं, पातेलं नळाखाली धरलं, पदर खोचला आणि चमच्याने खरवडायला लागल्या.