खंडाने दिलेली अक्षरं

हरिश्चंद्र पेंटर मालवणच्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्या आणि होड्यांवरची नावं रंगवायचा, पण त्याचं निम्मं आयुष्य गेलं धामापूरच्या तळ्याकाठी. गिऱ्हाईक दुकानात ताटकळत असायचं आणि हा बाबा पायरीवर बसून पाण्यातल्या माडांच्या सावल्या बघत असायचा. वारा आला की सावली वाकायची, वारा पडला की सावकाश सरळ व्हायची. त्यातूनच त्याला 'व'चं पोट सापडलं, 'त'चा बाक सापडला. लोक म्हणत, पेंटर वेडो आसा. होताच वेडा, खोटं कशाला बोला! पण होडी किनाऱ्याला लागायच्या आधी लांबूनच तिचं नाव वाचता यायचं, ते त्याच्या अक्षरांमुळे.

१९८४ साली मुंबईच्या एका कंपनीचे साहेब आले. फोटोटाइपसेटिंगच्या यंत्रासाठी त्यांना अक्षरांचं नवं वळण हवं होतं. हरिश्चंद्राने सगळी अक्षरं एकदा काढून द्यायची, मग यंत्र त्या वळणात वाटेल ते छापणार. हरिश्चंद्र हवेत तरंगायला लागला. आपण इथे तळ्याकाठी बसलेले आणि आपली अक्षरं तिकडे मुंबईत बोलतायत!

करारनामा इंग्रजीत होता. "अक्षरांचे हक्क आमच्याकडे राहतील," साहेबांनी मराठीत सांगितलं. हरिश्चंद्राने मान डोलावली. त्याच्या घरची हापूसची कलमं दर वर्षी व्यापाऱ्याला खंडाने जायची. हंगामाची फळं व्यापाऱ्याची, झाडं आपली, आणि घरच्यांनी चार आंबे काढून खाल्ले तर विचारतो कोण? तशीच अक्षरं खंडाने दिली असं समजून त्याने सही ठोकली. व्यापारी कलमच मुळासकट नेईल, हे कोकणातल्या माणसाच्या डोक्यात यावं तरी कसं?

दोन वर्षांनी रजिस्टर पत्र आलं. कंपनीच्या कुणीतरी मालवणात त्याच वळणाची ताजी पाटी पाहिली होती. हरिश्चंद्र पत्र घेऊन गुरुदास वकिलांकडे गेला आणि आपण अक्षरं नुसती खंडाने दिल्याचं त्यांना सांगितलं. वकिलांनी करारनामा काढून वाचला आणि चष्मा खाली ठेवला.

"फळां न्हय रे, झाडांच दिलंस तू. आता ह्या वळणात तुका एक अक्षर काढूक मेळाचां नाय."

नाव हरिश्चंद्र, आणि खाली स्वतःची सही. शब्द मोडणार कसा? त्या दिवसापासून तो पट्टी लावून ठोकळ्यासारखी अक्षरं काढू लागला. पाट्या व्हायच्या, पण तळ्याकडे जावंसं त्याला वाटेना.

त्याच पावसाळ्यात तोंडवलीची अक्का आली. तिची नऊ वर्षांची सत्यवती आदल्या साली तापाने गेली होती. ती पोर वाचायला शिकली होती हरिश्चंद्राने रंगवलेल्या होड्यांवरून, त्याचीच अक्षरं वाळूत गिरवून. नारळीपौर्णिमेला अक्काची नवी होडी पाण्यात जायची होती आणि तिला नाव द्यायचं होतं सत्यवती.

हरिश्चंद्राने एका फळीवर ठोकळ्या अक्षरांत नाव काढून दाखवलं. अक्काला वाचता येत नव्हतं, पण लेकीने वाळूत शंभरदा काढलेलं नाव तिच्या डोळ्यांत होतं.

"ह्यां कोणाच्याय चेडवाचां नाव वाटता," ती म्हणाली. "माझ्या सत्यवतीचां न्हय."

मग हरिश्चंद्राने कंपनीकडे परवानगी मागायचं ठरवलं. एका होडीपुरती, फक्त चार अक्षरांची. अर्ज मात्र बायकोकडून, दुर्गाकडून लिहून घेतला. त्याने स्वतः लिहिला असता तर अर्जच गुन्हा ठरायचा!

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी उत्तर आलं. साहेबांनी मोठ्या कौतुकाने ते नव्या यंत्रावर, हरिश्चंद्राच्याच वळणात छापून पाठवलं होतं. किती वेळ तरी त्याने ते वाचलंच नाही, नुसतं पाहिलं. तळ्यावर सकाळचं ऊन पडावं तशी अक्षरं कागदावर पसरली होती. मग अर्थ कळला. 'आपल्या सत्यवती या होडीसाठी सदर वळण वापरण्यास परवानगी देता येत नाही.' आपल्याच अक्षरांनी आपल्याला नाही म्हणावं? त्याला फार लागलं.

कागद घेऊन तो तोंडवलीला गेला. "अक्का, ते ह्या कागदात नाय म्हणतत गो."

अक्काने कागद हातात घेतला. ओळींवरून फिरणारं तिचं बोट एका जागी थांबलं.

"ह्यां बग! ह्यां माझ्या चेडवाचां नाव." तिने बोटाने ते नाव गिरवलं. "माका ह्यांच होयां."

हरिश्चंद्राने ब्लेडने तेवढं नाव कापून काढलं, अक्काने ते होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेच्या आतल्या बाजूला खळीने चिकटवलं आणि वर व्हार्निशचा हात दिला. पेंटरने एक रेघसुद्धा ओढली नाही. पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. बाहेरून ती कोरी होती. आत नाळेशी वाकून अक्का बोटाच्या पेराएवढ्या नावावरून हात फिरवत होती, आणि किनाऱ्यावर माणसांच्या गर्दीत उभा राहून हरिश्चंद्र मोठ्याने रडला.